निवडणूक-कायदा दुरुस्तीची चर्चा व ऊसतोड मजूर
निवडणूक कायदे (दुरुस्ती) विधेयक लोकसभेंत २० डिसेंबर २०२१ रोजीं मांडलें गेलें, त्याच दिवशीं संमत झालें व दुसऱ्या दिवशीं राज्यसभेनें आवाजी मतदानानें स्वीकारिलें. भाषेनें वा संस्कृतीनें निराळ्या लोकांचीं नांवें याद्यांतून वगळलीं जातात, हें डॉ. आंबेडकरांनीं १५ जून १९४९ रोजीं घटनासमितीपुढें मांडिलें होतें. त्या चर्चेशेजारीं ही आम्हांस फार तोकडी वाटते. वादाचा भर आधार-जोडणीवर. तो अनाठायीं नव्हे. पण अहिल्यानगर जिल्ह्यांतील पाथर्डीच्या ऊसतोड मजुराचें काय? १९५० च्या कायद्याच्या विसाव्या कलमान्वयें तात्पुरत्या अनुपस्थितीमुळें त्याचें नांव यादींतून जात नाहीं. मत मात्र गांवींच येऊन द्यावें लागतें. २०२४ सालीं गाळप हंगामाचा आरंभ १५ नोव्हेंबरास ठरला, आणि विधानसभेचें मतदान २० नोव्हेंबरास! मीमांसक अधिकारास सामर्थ्याची जोड मागतात, ती येथें कोठें आहे? नोंदणीसाठीं वर्षांत एकीऐवजीं चार तारखा दिल्या, हें चांगलेंच. परंतु कोयता घेऊन कारखान्यावर गेलेल्यास त्यांचा उपयोग नाहीं. ७२ मतदारसंघांचें मतदान घेऊं शकणाऱ्या दूरस्थ यंत्राचा प्रस्ताव आयोगानें डिसेंबर २०२२ मध्यें पुढें आणिला. जानेवारी २०२३ मध्यें विरोधी पक्षांनीं त्यास हरकत घेतली.