सिनेमातली शिट्टी आणि कानातली शिट्टी

युद्धपटांत एक ठरलेला प्रसंग असतो. बॉम्ब फुटतो, सगळे आवाज पाण्याखाली गेल्यासारखे बुजतात आणि एक बारीक ‘ईऽऽऽ’ सुरू होते. नायक डोकं झटकतो, कुणीतरी त्याचे खांदे धरून ओरडतं, शिट्टी विरते आणि युद्ध पुढे चालू. मला ती शिट्टी गेली सहा वर्षं ऐकू येतेय. त्यामुळे अशा प्रसंगात माझं लक्ष बॉम्बकडे नसतं. शिट्टी किती सहज संपवली, याकडे असतं.

डॉक्टर तिला टिनिटस म्हणतात. सुश्रुताच्या कर्णरोगांच्या यादीत ‘कर्णनाद’ आहे. बाहेर काहीच वाजत नसताना आत ऐकू येणारा आवाज. अनेकदा त्यामागे ऐकण्याची क्षमता घटलेली असते. कानाकडून येणारे संकेत कमी झाले की मेंदू स्वतःचा व्हॉल्यूम वाढवतो आणि मग रेडिओसारखी खरखरही वाढते, अशी एक प्रचलित मांडणी आहे. तो आवाज हमखास बंद करेल असं औषध अजून नाही. मग यातून ‘बरं होणं’ म्हणजे नेमकं काय? दोन सिनेमे आणि एक संगीतरचना याची तीन वेगळी उत्तरं देतात.

एडगर राइटच्या ‘बेबी ड्रायव्हर’मध्ये (२०१७) नायकाला लहानपणीच्या कार अपघातामुळे टिनिटस आहे. तो दाबायला तो सतत आयपॉड लावून असतो. गाणं थांबलं की शिट्टी हळूच वर येते. ध्वनीचं हे काम बारकाईने केलंय. पण पटकथेला शिट्टी हवी आहे ती सतत गाणी वाजवायला सबब म्हणून. रात्री तीन वाजता इयरफोन काढल्यावर बेबी काय करतो, हे सिनेमा विचारत नाही. आजार इथे गॉगलसारखा, नायकाला शोभणारा. शिवाय उपचाराची दिशा बरोबर उलटी आहे. टिनिटससाठीच्या ध्वनी-उपचाराच्या एका महत्त्वाच्या पद्धतीत शिट्टी बुडवत नाहीत. तिच्याहून थोडा हळू आवाज सोबतीला ठेवतात, म्हणजे मेंदूला तिची सवय व्हावी.

डॅरियस मार्डरचा ‘साउंड ऑफ मेटल’ (२०१९) जास्त प्रामाणिक आहे. ड्रमर रुबेनची श्रवणशक्ती जाते. तो व्यसनातून सावरलेला आहे, आणि जुना कान परत मिळवण्याचा त्याचा हट्टही व्यसनासारखाच आहे, हे सिनेमा नेमकं पकडतो. मी इंटरनेटवर रात्र-रात्र उपाय शोधायचो, तेव्हाची माझी अवस्था मला तिथे दिसली. पण शेवटी रुबेन इम्प्लांटचं यंत्र काढतो आणि पडद्यावर निखळ शांतता पसरते. ध्वनीचं ऑस्कर मिळवणाऱ्या सिनेमाचा हा सर्वांत सुंदर क्षण, आणि माझी तक्रार नेमकी तिथेच आहे. बहिरेपण आलेल्या अनेकांच्या आत काही ना काही वाजतच असतं. दिग्दर्शकाने रुबेनला शांतता बक्षीस दिली. ती सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

तशी निखळ शांतता निरोगी कानालाही नसते. १९५३ साली हेलर आणि बर्गमन यांनी चांगलं ऐकू येणाऱ्या ८० जणांना ध्वनिरोधक खोलीत बसवलं, तेव्हा जवळपास ९४ टक्के लोकांना कसले तरी आवाज ऐकू आले. म्हणजे आवाज असणं ही अर्धीच गोष्ट. मेंदू त्याला धोका समजतो की नाही, हे उरलेलं अर्धं.

तिसरं उत्तर चेक संगीतकार बेड्रिख स्मेटानाचं. १८७४मध्ये त्याचे दोन्ही कान गेले. १८७६मध्ये त्याने चार तंतुवाद्यांसाठी ‘माझ्या आयुष्यातून’ ही रचना लिहिली. तिच्या शेवटच्या भागात नाचरी लय रंगात असताना अचानक सगळं थांबतं. खाली बाकीची वाद्यं थरथरतात आणि पहिलं व्हायोलिन एक अतिशय उंच सूर लांब धरून ठेवतं. बहिरेपणाआधी कानात वाजलेली ही शिट्टी, असं त्याने स्वतः सांगितलंय. नंतर आधीच्या सुरावटी आठवणींसारख्या येऊन जातात आणि रचना हळूच संपते.

मला महत्त्वाचं वाटतं ते तिथलं प्रमाण. तारुण्य, नाच, प्रेम यांना तीन पूर्ण भाग. शिट्टीला काही क्षण. ती लपवलेली नाही आणि सगळी जागाही तिला दिलेली नाही. याला विजयगाथा म्हणायचा मोह मात्र टाळायला हवा. स्मेटाना बरा झाला नाही. १८८४मध्ये प्रागच्या मनोरुग्णालयात तो वारला. कलेने त्याचे कान दुरुस्त केले नाहीत. तिने फक्त कशाला किती जागा द्यायची, हे त्याच्या हातात ठेवलं.

रेल्वेलाइनलगत राहणाऱ्यांना काही महिन्यांनी गाडी ‘ऐकू येत नाही’. गाडी तर जातच असते. माझं बरं होणं आतापर्यंत एवढंच आहे: शिट्टी तीच, पण भाजी चिरताना, गप्पा मारताना तासन्‌तास ती माझ्या हिशोबात नसते. थकलो किंवा झोप कमी झाली की पुन्हा पुढे येते. तिला संपवणारा सिनेमा बघायला बरा वाटतो. पण नुकतीच कुणाला शिट्टी सुरू झाली असेल, तर आधी कानाच्या डॉक्टरकडे जा म्हणेन, आणि मग स्मेटाना ऐक. हळू आवाजात.