ब्राउनी : सोप्या डब्याच्या अटी

कोडॅकच्या ब्राउनी कॅमेऱ्यावर लिहिणारे बहुतेक जण एक वाक्य हमखास लिहितात : या डब्यानं फोटोग्राफी सामान्य माणसाच्या हातात दिली. वाक्य खरं आहे, पण अर्धं.

पहिली ब्राउनी १९०० साली अमेरिकेत आली. किंमत एक डॉलर, रोल १५ सेंटला. जॉर्ज ईस्टमनचं गणित साधं होतं : डबा स्वस्त द्यायचा, कमाई रोलवर करायची. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे हे गणित मला रोज भेटतं. ॲप फुकट असतं, बिल नंतर येतं.

पुढच्याच वर्षी आलेली नंबर २ ब्राउनी मला जास्त महत्त्वाची वाटते. १२० नंबरची फिल्म तिच्यासाठी निघाली आणि ती आजही मिळते. एका रोलमध्ये आठ फोटो. पुठ्ठ्याचा डबा, आत एकच भिंग. फोकस कायमचा ठरलेला. शटरला एक वेग. हवं तर ते हातानं उघडं ठेवता येतं. वरची पट्टी ओढली की तीनपैकी एक छिद्र भिंगासमोर येतं. डबा पोटाशी धरून छोट्या काचेत वरून बघायचं. तिथे डावं-उजवं उलट दिसतं. मागच्या लाल खिडकीत फोटोचा नंबर. रोल पुढे सरकवायला विसरलात तर एका फोटोवर दुसरा चढतो, डबा अडवत नाही.

इंजिनिअर म्हणून मला हे डिझाइन मनापासून आवडतं. मोडण्यासारखं फार काही नाही आणि लपवलेलं काहीच नाही. मागचं उघडलं की पाच मिनिटांत सगळं समजतं. तुमच्या फोनच्या कॅमेऱ्याबद्दल असं म्हणता येईल?

पण इथला प्रत्येक सोपेपणा ही एक अटही आहे. एकच वेग, म्हणजे भरपूर ऊन हवं आणि माणसं स्थिर हवीत. ठरलेला फोकस, म्हणजे काही फूट लांब उभं राहा, चेहरा लहान येणार. घरात फोटो काढायचा तर डबा टेबलावर ठेवून शटर उघडं धरायचं, आणि तोवर कुणी हलायचं नाही. मग रोलमध्ये काय सहज येणार? अंगण, समुद्रकिनारा, सुट्टी, उन्हात ओळीनं उभं कुटुंब. काय निसटणार? स्वयंपाकघर, आजारपण, रात्र, भांडण. जुने अल्बम इतके सुखी दिसतात, त्यामागे माणसांच्या सुखाइतकाच शटरच्या वेगाचाही हात आहे.

म्हणून ‘सामान्यांच्या हातात’ काय आलं, हे नीट म्हणायला हवं. बटण आलं. कशाची आठवण राहील, यातलं बरंच काही डब्यानं आधीच ठरवलं होतं. आज फोन अंधारातही फोटो काढतो, पण त्वचेचा रंग, आभाळाचा निळा, हसरा क्षण तो आपल्यासाठी निवडतो. ब्राउनीच्या अटी निदान डोळ्यांना दिसत होत्या. माझ्या लेखी तिचा खरा मोठेपणा हा आहे, तिची एक डॉलर किंमत नव्हे.