मत्स्य-पेशीरेषांवरील विषाक्तता चाचणी : खानदेशच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
महाविद्यालयीन प्राणिशास्त्र विभागांना 'एलसी-50' ही संज्ञा नवी नाही. रोहू किंवा कटला टाकीत ठेवावयाचा, पाण्यात कीटकनाशक मिसळावयाचे आणि 96 तासांत निम्मे मासे मारणारी मात्रा काढावयाची, या चौकटीत एम.फिल., पीएच.डी.चे अनेक प्रबंध सिद्ध झाले. ओईसीडीच्या 203 क्रमांकाच्या मार्गदर्शिकेप्रमाणे पाच मात्रा, एक नियंत्रण गट आणि प्रत्येकी किमान सात मासे धरल्यास एका आकड्यासाठी 42 मासे लागतात. म्हणूनच जिवंत माशांऐवजी त्यांच्या पेशी वापरण्याच्या पर्यायाचा विचार येथे करावयाचा आहे.

पर्यायाचे स्वरूप :
प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढविता येणाऱ्या पेशींच्या समूहास पेशीरेषा म्हणतात. 2021 मध्ये ओईसीडीने स्वीकारलेल्या 249 क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत रेनबो ट्राउट माशाच्या कल्ल्यांची 'आरटीगिल-डब्ल्यू1' ही पेशीरेषा वापरली जाते. 24 तासांनंतर तीन रंजकांच्या साहाय्याने पेशींचा चयापचय, प्रद्रव्यपटलाची अखंडता व लयकारिकांचे कार्य तपासतात.

हे काम केवळ परदेशी संस्थांचे आहे, असे मानण्याचे कारण नाही. तामिळनाडूतील मेलविशारम येथील सी. अब्दुल हकीम महाविद्यालयाच्या संशोधकांनी काळुंदर माशाच्या डोळा, मूत्रपिंड व कल्ला यांच्या पेशीरेषांवर चर्मोद्योगाच्या सांडपाण्याची चाचणी घेतली. जिवंत माशांवरील निष्कर्षांशी त्यांचा चांगला सहसंबंध आढळला. हे संशोधन 2012 मध्ये प्रसिद्ध झाले. परिसरातील प्रश्न आणि महाविद्यालयाची प्रयोगशाळा यांची ही सांगड आपल्यासाठी विशेष महत्त्वाची आहे.

मर्यादा :
तथापि या पद्धतीचा सरसकट पुरस्कार करणे शास्त्रीय ठरणार नाही. केळी-कपाशीच्या पट्ट्यात वापरली जाणारी अनेक कीटकनाशके चेतासंस्थेवर आघात करतात. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील द्रव्ये अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज हे विकर रोखतात, तर पायरेथ्रॉइड चेतातंतूंमधील सोडियम मार्गिकांवर परिणाम करतात. कल्ल्याच्या पेशीत चेतासंधीच नसल्यामुळे अशा द्रव्यांची विषाक्तता प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते. म्हणजे आपल्या विभागांत ज्या द्रव्यांवर सर्वाधिक भर दिला गेला, तेथेच ही चाचणी दुबळी आहे. शिवाय ट्राउट हा थंड पाण्यातील मासा असून त्याच्या पेशी सुमारे 19 अंश सेल्सिअसला वाढवितात. तापी-गिरणेच्या उष्ण पाण्याशी हे तापमान जुळत नाही. पेशी वाढविण्यासाठी सामान्यतः गोवंशीय भ्रूणाचा रक्तद्रव लागतो, त्यामुळे प्राण्यांवरील अवलंबन पूर्णतः संपते असेही नाही.

समारोप :
या मर्यादांमुळे जुनी टाकी निर्दोष ठरत नाही. ज्या कीटकनाशकांचे एलसी-50 आकडे पूर्वीच प्रसिद्ध आहेत, त्यांसाठी पुन्हा मासे मारण्याचे समर्थन करणे कठीण आहे. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील किंवा धुळ्याजवळील पांझरेतील सांडपाणी, धातू व रंगद्रव्ये यांच्या प्राथमिक तपासणीसाठी मात्र पेशीरेषा उपयुक्त ठरतील. त्यासाठी ट्राउटऐवजी रोहू-कटल्यासारख्या भारतीय माशांच्या पेशीरेषांना प्राधान्य द्यावे. लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोत मत्स्य-पेशीरेषांचे राष्ट्रीय भांडार आहे. प्रत्येक महाविद्यालयास निर्जंतुक पेशीसंवर्धन कक्ष परवडणार नाही, हे खरे. परंतु जिल्ह्यातील काही महाविद्यालयांनी मिळून एक कक्ष उभारणे अशक्य नाही. संशोधन-मार्गदर्शकांनी विषय मंजूर करतानाच 'या प्रश्नासाठी जिवंत मासा खरोखर आवश्यक आहे काय?' असे विचारले, तरी पुष्कळ साध्य होईल.