आठ सेकंदांनंतरचा रोडिओ

रोडिओवरचा चित्रपट म्हटलं की उधळलेला बैल, हवेत उडालेली हॅट आणि टाळ्या आल्याच. क्लोई झाओच्या 'द रायडर'मध्ये (२०१७) यातलं जवळजवळ काहीच नाही. नायक सुरुवातीलाच दिसतो तो घरात, डोक्यावरचं बँडेज स्वतःच सोडवताना. रोडिओ प्रत्यक्ष पाहिलेल्यांना हा चित्रपट जास्त बोचेल.

मी तो पाहिला विशीत, टेक्सासात शिकत असताना. रूममेटच्या पिकअपमधून आम्ही चौघं गेलो होतो. आधी राष्ट्रगीत, प्रार्थना, मग हेल्मेट घालून मेंढ्यांना बिलगलेली पाच-सहा वर्षांची पोरं. ती पडली की हशा. नियम शेजारच्या आजोबांनी समजावले: बैलावर ८ सेकंद टिकायचं, दोर एकाच हाताने धरायचा, मोकळा हात बैलाला लागला की बाद. १०० गुणांपैकी ५० स्वाराचे, ५० बैलाचे! पोळ्याला बैलाची शिंगं रंगवणाऱ्या मुलखातून आलेल्या मला हे भलतंच आवडलं. पण त्याच संध्याकाळी फासाने मान हिसकून उताणं पडलेलं वासरूही पाहिलं. त्याला गुण नव्हते.

मग एक स्वार पडला तो उठलाच नाही. विदूषकी कपड्यांतल्या माणसांनी बैलाला हुलकावण्या देऊन दूर नेलं, स्ट्रेचर आलं, निवेदकाने त्याच्यासाठी टाळ्या मागितल्या आणि पुढचं नाव पुकारलं. स्वार फाटकाआड गेला आणि प्रेक्षकांपुरता संपला.

झाओचा कॅमेरा त्या फाटकाआड जातो. ब्रेडी जँड्रो हा साउथ डकोटातला लकोटा तरुण. रोडिओत घोड्याचा पाय पडून त्याची कवटी खरोखरच फुटली होती. चित्रपटात तो, त्याचे वडील आणि बहीण जवळपास स्वतःच्याच भूमिका करतात. झटका आला की त्याच्या हाताची मूठ उघडत नाही. ज्या मुठीवर सगळी स्वारी, तीच आता सोडवत नाही. पोटासाठी तो सुपरमार्केटात काम करतो.

बुजऱ्या घोड्याला माणसाळवण्याचं दृश्य हे चित्रपटातलं सर्वोत्तम. तो अभिनय नाहीच, ब्रेडीचं ते रोजचं काम आहे. घड्याळ नाही, गुण नाहीत. घोडा बुजतो, तो थांबतो, पुन्हा हात पुढे करतो. झाओ हे घाई न करता पाहू देते.

तक्रारी दोन. मावळतीचं ऊन इतक्यांदा आणि इतकं देखणं येतं की पाइन रिजची गरिबी पोस्टकार्डावरची वाटू लागते. दुसरी मोठी. ब्रेडीचा मित्र लेन स्कॉट, एकेकाळचा बैलस्वार, आता बोलूही शकत नाही. प्रत्यक्षात त्याचा अपघात मोटारीचा. चित्रपट मात्र तो रोडिओतला असावा असं वाटू देतो. बाकी सगळं इतकं खरं ठेवल्यावर ही मखलाशी कशाला? लेन बोटांनी एकेक अक्षर दाखवून बोलतो, ब्रेडी त्याला फोनवर त्याच्याच जुन्या स्वाऱ्या दाखवतो. एवढं पुरेसं होतं.