शैलेंद्र : पुस्तकाबाहेरचा कवी

पुस्तकासाठी लिहितो तो कवी आणि चित्रपटासाठी लिहितो तो गीतकार, अशी एक सोयीची वाटणी आपल्याकडे रूढ आहे. मराठीत ती ग. दि. माडगूळकरांच्या वाट्याला आली. परंतु ‘गीतरामायणा’ने त्यांना त्या चौकटीबाहेर काढले. हिंदीतील शैलेंद्रांना असा आधार लाभला नाही. त्यांची गीते देशभर गायिली गेली, तरी कवी म्हणून हिंदीच्या वाङ्मयीन चर्चेत त्यांना फारसे स्थान मिळाले नाही. ‘गीते चांगली, पण अखेर ती सिनेमाची’ असे आजही म्हटले जाते. आम्हांला हा निवाडा मान्य नाही. शैलेंद्रांची उत्तम कविता त्यांच्या चित्रपटगीतांतच आहे आणि चित्रपटाच्या बंधनांनीच ती घडवली आहे, असे आमचे मत आहे.

शंकरदास केसरीलाल शैलेंद्र यांचा जन्म 30 ऑगस्ट 1923 रोजी रावळपिंडी येथे, मूळच्या बिहारच्या एका दलित कुटुंबात झाला. पुढे ओढगस्तीमुळे कुटुंब मथुरेस आले. रेल्वेच्या नोकरीने शैलेंद्रांना मुंबईत, माटुंग्याच्या कारखान्यात आणले. दिवसा लोखंडाशी झुंज आणि फावल्या वेळी ‘इप्टा’च्या व्यासपीठावर कविता, असा तो काळ होता. फाळणीत होरपळलेल्या पंजाबवरील त्यांची कविता राज कपूर यांनी अशाच एका बैठकीत ऐकली आणि ती चित्रपटासाठी मागितली. शैलेंद्रांनी नकार दिला. कविता हा विकण्याचा जिन्नस नव्हे, ही त्यांची धारणा होती. पुढे घरातील अडचणींनी त्यांना राज कपूर यांच्या दारी जावे लागले आणि पाचशे रुपयांत ‘बरसात’साठी (1949) दोन गीते लिहिली गेली. ही हकीकत कवीचा पराभव म्हणून सांगण्याची प्रथा आहे. आम्हांस मात्र त्यात त्यांच्या लेखनाचा खरा आरंभ दिसतो.

त्याचे कारण त्यांच्या 1955 सालच्या ‘न्यौता और चुनौती’ या संग्रहाशी निगडित आहे. या कवितांतील कळकळ निर्विवाद आहे. त्यांची एक ओळ तर संपाच्या मोर्चांची घोषणा होऊन बसली. परंतु या कवितेचा आवाज सभेचा आहे. समोर हजारो श्रोते आहेत हे ती क्षणभरही विसरत नाही, म्हणून एका माणसाशी हळू बोलणे तिला साधत नाही. चित्रपटाने शैलेंद्रांना नेमके हेच शिकवले. तेथे कवीने स्वतःच्या तोंडाने बोलायचे नसते. बोलणारा कधी ‘आवारा’मधील (1951) भटक्या असतो, कधी ‘दो बीघा जमीन’मधील (1953) शेतकरी. चाल पुष्कळदा आधी बांधलेली असते आणि शब्दांना मोजून जागा मिळते. अशा अडचणीत अलंकारांना रजा द्यावी लागते. शैलेंद्रांनी ती आनंदाने दिली, आणि सभेच्या कवितेतून कमावलेला सोपेपणा तेवढा जवळ ठेवला.

याचे उत्तम उदाहरण बिमल रॉय यांच्या ‘बंदिनी’त (1963) आहे. तुरुंगातील एक कैदी स्त्री जाते ओढता ओढता गाते. तिच्या गाण्यात तुरुंग कोठेच नाही. श्रावणात मला न्यायला भावाला पाठवा, असे ती वडिलांना विनवते. आंब्याखालचे झोपाळे, पावसाची सर, हरवलेली बाहुली, माहेरून न आलेले पत्र, एवढाच काय तो ऐवज. मराठी वाचकाला हे ऐकताच जात्यावरच्या ओव्या आठवाव्यात. मुऱ्हाळ्याची वाट पाहणारी सासुरवाशीण आपल्याला परकी नाही. शैलेंद्रांनी लोकगीताचा हा साचा जवळजवळ जसाच्या तसा उचलला आणि फक्त त्याची जागा बदलली. सासरच्या जात्याऐवजी तो तुरुंगाच्या जात्यावर ठेवला. त्यामुळे जे घडते ते विलक्षण आहे. या बाईला न्यायला कोणीही येणार नाही हे प्रेक्षकाला ठाऊक आहे, आणि ती मात्र नेहमीच्याच शब्दांत बोलावणे मागते आहे. ‘मी बंदिवान आहे’ असे ती एकदाही म्हणाली असती, तर गीत कोसळले असते. आशा भोसले यांचा आवाज आणि सचिनदेव बर्मन यांची चाल यांचे श्रेय मोठेच आहे. परंतु काय गाळावे याचा निर्णय कवीचा आहे. याच चित्रपटासाठी त्यांनी आग्रहाने पुढे केलेल्या गुलजार यांनी आपले पहिले चित्रपटगीत लिहिले, हेही नोंदवायला हवे.

सगळेच लेखन या तोलाचे नाही. शंकर-जयकिशन यांच्या धावत्या चालींत केवळ अक्षरे भरल्यासारखी गीतेही त्यांनी पुष्कळ लिहिली, आणि साठनंतर त्यांचे प्रमाण वाढले. त्यांतील कित्येक गाणी शब्दांपेक्षा वाद्यवृंदावर तरली. त्या वाद्यवृंदाची मांडणी गोमंतकीय सेबॅस्टियन डिसोझा करीत, याची दखल रसिकांनी फारशी घेतली नाही. ‘अनाडी’चे (1959) मात्र तसे नाही. साधेपणाची किंमत मोजणाऱ्या नायकाचे त्यातील गीत फिल्मफेअर पारितोषिकाला सर्वस्वी पात्र होते. त्याच चित्रपटात ललिता पवार यांनी साकारलेल्या मिसेस डिसा आहेत. पडद्यावरचे ख्रिस्ती पात्र म्हणजे हातात बाटली, असा दंडक असलेल्या दिवसांत ही खाष्ट आणि मायाळू घरमालकीण आम्हांला अजूनही आपल्या आळीतली वाटते.

मग ‘तीसरी कसम’. फणीश्वरनाथ रेणू यांच्या ‘मारे गए गुलफाम’ या कथेने शैलेंद्रांना इतके वेड लावले की ते निर्माते झाले. बासू भट्टाचार्य यांचे दिग्दर्शन, सुब्रत मित्र यांचे छायाचित्रण, खुद्द रेणूंचे संवाद. काम वर्षानुवर्षे रेंगाळले, कर्ज वाढत गेले. गाडीवान हिरामण आणि नौटंकीतील हिराबाई यांची शेवटी गाठ घालून द्या, असा आग्रह झाला. शैलेंद्रांनी तो मानला नाही. एकदा कविता विकण्यास नकार देणारा माणूस येथे पुन्हा दिसतो, फक्त या वेळी पैसे त्याचे स्वतःचे होते. हिरामणच्या तोंडी त्यांनी मृत्यूचा विचार घातला आहे तोही गाडीवानाच्या भाषेत, वाट आणि वाहन यांच्या हिशेबाने. आणि स्वतः निर्माता असूनही काही गीते त्यांनी हसरत जयपुरी यांच्याकडून लिहून घेतली. ज्याचे काम त्याला द्यावे, ही कारखान्यातली शिस्त असेल.

1966 मध्ये चित्रपट झळकला आणि चालला नाही. 14 डिसेंबर 1966 रोजी, राज कपूर यांच्या वाढदिवशी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी शैलेंद्र गेले. ‘तीसरी कसम’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपती सुवर्णपदक त्यानंतर मिळाले. ‘ब्रह्मचारी’तील (1968) अंगाईगीताचे फिल्मफेअर पारितोषिकही मरणोत्तरच. ‘मेरा नाम जोकर’साठी (1970) त्यांनी एका गीताचा मुखडा लिहून ठेवला होता; कडवी त्यांचे चिरंजीव शैली शैलेंद्र यांनी पूर्ण केली. ते गीत आम्ही पुन्हा पुन्हा ऐकले. सांधा कानाला लागत नाही. मुखड्यातील शब्द इतके रोजच्या वापरातले आहेत, की पुढच्या माणसाला तेथूनच बोलणे सुरू करता आले.