गोमंतकीय चर्चांतील शिंपल्यांच्या खिडक्या

जुन्या कॅथॉलिक चर्चचें वर्णन आलें कीं रंगीत कांचेच्या खिडक्या गृहीत धरावयाच्या, असा कांहीं लेखकांचा परिपाठ दिसतो. गोमंतकापुरता तरी तो आम्हांस सदोष वाटतो. जुन्या गोव्यांतील से कॅथेड्रलचें बांधकाम १५६२ मध्यें सुरू झालें. बॉम जेझूसचा पाया १५९४ मध्यें घातला गेला. त्या काळीं मोठी कांच समुद्रमार्गें आणणें खर्चाचें व जोखमीचें होतें. गोमंतकीय कारागिरांस पर्याय खाडींतच सांपडला. प्लॅक्युना जातीचा चपटा, अर्धपारदर्शक शिंपला चौकोनी कापून लांकडी पट्ट्यांच्या खांचांत बसविला कीं ऊन गाळलें जाऊन दुधाळ उजेड आंत येतो. फिलिपाईन्समध्येंही हाच शिंपला खिडक्यांस लावीत. तेथें त्यास कापीझ म्हणतात.

मात्र दुसऱ्या टोंकासही जाऊं नये. फुटलेला तुकडा तेवढाच बदलतां येत असल्यामुळें, जो इमारतीचा काळ तोच खिडकीचा, हें अनुमान टिकत नाहीं. चौकट, पट्टी व शिंपला यांची परीक्षा स्वतंत्रपणें व्हावी. हें काम तांतडीचें आहे. २००१ मध्यें हा शिंपला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या सूचींत आला. तेव्हां जुन्याच्या जागीं नवा शिंपला सहज मिळणें नाहीं, आणि जीर्णोद्धाराच्या वेळीं साधी कांच बसविण्याचा मोह होतो. फाटक्या पोथीचीं पानेंही आपण टाकून देत नाहीं. तोच न्याय येथें लावून, उतरविलेलें प्रत्येक तावदान स्थळाच्या नोंदीसह जतन करावें, एवढीच आमची विनंति.