युटाची ओल आणि शिरूरचा माळ

शिरूर आणि दौंड या तालुक्यांत पाऊस किती झाला हे आकाशाकडे पाहून कोणी सांगत नाही. कुदळीचा घाव घालून ओल वीतभर गेली की हातभर, हे पाहावयाचे आणि मग बोलावयाचे, अशी तेथील रीत आहे. वर्षाकाठी वीस इंचांच्या आसपास पडणारा पाऊस, आणि तोही चार-दोन सरींत उधळून जाणारा. त्यामुळे ओल या एका शब्दात तेथील माणसाचे सारे अर्थशास्त्र सामावलेले असते. याच ओलीवर ज्याने आयुष्य वेचले अशा एका परदेशी पंडिताचा ग्रंथ, आणि याच माळावरील एका गावाविषयी लिहिलेला दुसरा ग्रंथ, असे दोन्ही शेजारी ठेवून वाचण्याचा योग नुकताच आला. त्यांतून जे सुचले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

पहिला ग्रंथ जॉन विट्सो यांचा, कोरडवाहू शेतीवरील, १९११ साली न्यूयॉर्क येथे प्रसिद्ध झालेला. विट्सो यांचे चरित्र एखाद्या कादंबरीस शोभेल असे आहे. १८७२ साली नॉर्वेच्या एका बेटावर जन्म. वडील शाळामास्तर, ते मुलगा सहा वर्षांचा असताना वारले. आईने जोडे दुरुस्तीस दिले, तो चांभार मॉर्मन पंथाचा निघाला आणि परत आलेल्या जोड्यांत त्या पंथाची पत्रके खुपसलेली आढळली! त्या पत्रकांनी कुटुंबाची दिशा पालटली. १८८३ साली ही विधवा दोन मुलांस घेऊन अमेरिकेत युटा प्रांतातील लोगन गावी आली. पुढे मुलगा हार्वर्डचा पदवीधर झाला, गटिंगेनहून रसायनशास्त्रात डॉक्टर होऊन आला, युटाच्या कृषिप्रयोगक्षेत्राचा संचालक झाला आणि १९०७ पासून तेथील कृषिमहाविद्यालयाचा अध्यक्ष. १९२१ साली पंथाच्या बारा धर्माधिकाऱ्यांत त्याची गणना झाली आणि १९५२ साली मृत्यू येईतो तो त्याच पदावर होता. आईचे चरित्र त्याने वेगळे लिहिले. आत्मचरित्र मृत्यूच्या वर्षीच प्रसिद्ध झाले.

धर्माधिकारी आणि रसायनशास्त्रज्ञ ही दोन माणसे एका अंगरख्यात कशी नांदली, असा प्रश्न आपल्याकडील वाचकास सहज पडेल. पण कोरडवाहू शेतीचा हा ग्रंथ वाचताना तो प्रश्न पुष्कळसा विरतो. १८४७ साली ब्रिगम यंग याच्यामागून हा पंथ खाऱ्या सरोवराच्या रुक्ष खोऱ्यात उतरला तेव्हा तेथे पिकविणे किंवा मरणे एवढेच त्याच्यापुढे होते. वाळवंट फुलविणे हे त्या लोकांस धर्मकृत्यच वाटले. म्हणूनच विट्सो यांच्या आकड्यांना एक प्रकारची प्रार्थनेची लय आहे. एक पौंड कोरडे पीक तयार होण्यास सुमारे साडेसातशे पौंड पाणी लागते. म्हणजे जमिनीत मुरवून राखलेल्या एकेक इंच पाण्यावर एकरी अडीच बुशेल गहू निघावा. मग दहा इंचांवर पंचवीस. खोल नांगरट करा, पृष्ठभाग भुसभुशीत राखा, बी विरळ पेरा, एक वर्षाआड जमीन पड ठेवून दोन वर्षांचे पाणी एका पिकास द्या. हिशेब इतका स्वच्छ की वाचणाऱ्यास वाटावे, दुष्काळ हा निव्वळ अज्ञानाचा परिणाम आहे.

मलाही तसेच वाटले होते. पदवीच्या वर्गात असताना ग्रंथालयात हे पुस्तक हाती लागले आणि मी वडिलांस एक लांबलचक पत्र लिहिले, की निम्मी जमीन यंदा पड ठेवावी. उत्तर आले नाही. सुटीत घरी गेलो तेव्हा ओट्यावर बसल्याबसल्या ते म्हणाले, “निम्मी पड ठेवतो रे, पण तुझी फी कोणत्या निम्म्यातून भरू?” पत्र त्यांनी जपून ठेवले होते, हे मला त्यांच्या पश्चात कळले.

वडिलांच्या या प्रश्नाचे सविस्तर उत्तर दुसऱ्या ग्रंथात आहे. हॅरोल्ड मान हे विट्सो यांच्याच वर्षी, १८७२ साली, इंग्लंडात यॉर्क येथे जन्मलेले, आणि तेही रसायनशास्त्रज्ञच. आसामातील चहाच्या मळ्यांवरून १९०७ साली ते पुण्याच्या कृषिमहाविद्यालयाचे प्राचार्य होऊन आले आणि पुढे मुंबई इलाख्याचे शेतीसंचालक झाले. नांगर आणि खत यांचा विचार करता करता हा मनुष्य नांगर धरणाऱ्याच्या घरात शिरला. १९१७ साली पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरची पाहणी प्रसिद्ध झाली. तेथे १७७१ साली सरासरी चाळीस एकर असलेली धारणा १९१५ च्या सुमारास सात एकरांवर आली होती. हे गाव शहराच्या सावलीतील, म्हणून कोरड्या मुलखातील दुसरे गाव घेतले, ते शिरूर तालुक्यातील जातेगाव बुद्रुक. ती पाहणी मान आणि न. वि. कानिटकर या दोघांच्या नावे १९२१ साली निघाली. निष्कर्ष असा, की बऱ्या वर्षीदेखील शंभरांतील सुमारे पंच्याऐंशी कुटुंबांचे उत्पन्न खर्चास पुरत नाही.

आता दोन्ही ग्रंथांची तुलना करू. विट्सो यांचा शेतकरी म्हणजे चार घोडे, उत्तम अवजारे आणि एकशेसाठ एकर जमीन असलेला एकटा गृहस्थ. १९०९ च्या कायद्याने तर तेथील सरकार कोरडवाहू मुलखात तीनशेवीस एकर देऊ लागले होते. एकशेसाठांतील निम्मी पड राहिली तरी ऐंशी एकर पिकतात. सात एकरांतील साडेतीन पड ठेवणाऱ्यास हा ग्रंथ काय सांगतो? काहीच नाही. शिवाय युटात ओल हिवाळ्यात बर्फाच्या आणि संथ पावसाच्या रूपाने उतरते व खोल जमिनीत मुरते. आमच्याकडे ती पावसाळ्यात धबाधबा कोसळते आणि हातभर मातीखाली मुरूम लागतो. भीमाकाठची काळी जमीन सोडली तर साठवण करावयाची कोठे? आणि त्या काळ्या जमिनीत तर पावसाळाभर कुळवाच्या पाळ्या घालून रान मोकळे ठेवावे आणि भाद्रपद-आश्विनात शाळू पेरावा, ही विट्सो यांचीच युक्ती आमचा शेतकरी त्यांचा ग्रंथ न वाचता करीत आला आहे. त्याचे दारिद्र्य अज्ञानातून आले नाही, हे जातेगावच्या कोष्टकांनी दाखविले. कर्जाचे म्हणावे तर याच तालुक्यातील कर्डे गावी १८७४ च्या अखेरीस सावकारावर बहिष्कार पडला होता, आणि पुढच्या वर्षी सुप्यास दंगा पेटला.

मात्र मान-कानिटकरांचा ग्रंथही निर्दोष नव्हे. त्यात जातेगावची जमीन, बैल, विहिरी, भांडीकुंडी, देणे, सारे मोजलेले आहे; जातेगावचा माणूस मात्र एकदाही बोलत नाही. ज्या बाईने चुलीपुढे बसून खर्चाचे आकडे सांगितले असतील तिचा एक उद्गार टिपला असता तर काय बिघडले असते? विट्सो यांनी आपल्या आईसाठी ग्रंथ लिहिला. आमच्या आयांच्या वाट्यास कोष्टकातील एक रकाना आला. हा दोष त्या काळच्या शास्त्रीय शिस्तीचा आहे, हे मी जाणतो. तरी तो बोचतो.

दुसरी तक्रार कानिटकरांविषयी, म्हणजे त्यांच्यावर नव्हे, आपल्यावर. मान यांचे विखुरलेले निबंध डॅनियल थॉर्नर यांनी १९६७ साली मुंबईहून एकत्र प्रसिद्ध केले, हे उत्तम झाले. पण जातेगावनंतर ओलीचा प्रश्न ज्यांनी सोडला नाही ते कानिटकर. मांजरीस आणि पुढे सोलापुरास त्यांनी कोरडवाहू शेतीचे प्रयोग केले, आणि भारतातील कोरडवाहू शेतीवरचा त्यांचा ग्रंथ १९४४ साली निघाला. त्या प्रयोगांतून जी पद्धत सिद्ध झाली तीत पड जमिनीहून बांधबंदिस्तीला पहिले स्थान आहे. पाणी साठविण्याआधी ते धावते थांबविले पाहिजे, ही या मुलखाची गोष्ट तीत ओळखलेली आहे. विट्सो यांचे शास्त्र शिरूरच्या माळावर आले ते असे, अर्धे बदलून. हे स्थित्यंतर घडविणाऱ्या माणसाचे एखादे बरे चरित्र मराठीत माझ्या पाहण्यात नाही. आमच्या विद्यापीठांतून दरवर्षी प्रबंधांच्या गाड्या निघतात. एखाद्याने इकडे वळावयास हरकत नसावी.

आज दौंडच्या बाजूस कालव्याखाली ऊस उभा आहे, रांजणगावास कारखाने आहेत आणि माझ्या भाऊबंदांपैकी शाळू पेरणारे दोनच घर उरले आहेत. गेल्या मार्गशीर्षात त्यांपैकी एकाच्या बांधावर गेलो होतो. त्याने सवयीने कुदळ मारली, मूठभर माती काढली, दाबून पाहिली आणि ती माझ्या हातावर ठेवली.